परत आलेली गादी

गादीवालीचं तोंड सुटलं की समोरच्याने छत्री उघडावी, असं गल्लीत म्हणत. तोंडावर सगळे तिला मावशी म्हणायचे आणि पाठीमागे तोफ. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तोफ म्हणवून घ्यायला आधी दारूगोळा लागतो, तो काही शेजारणीकडून वाटीभर उसना मिळत नाही.

शाळेत ती फळा पुसण्यापुरती गेली. पण दुकान तिचं स्वतःचं. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगा आणि एक मुलगी, आणि मागच्या खोलीत कापूस पिंजायचं एक खडखडणारं यंत्र. त्या खडखडाटावर तिने घर उभं केलं. पुढच्या खोलीत लाकडी चौथरा होता. त्यावर खोळ पसरायची, कापूस भरायचा आणि लांबलचक दाभणाने टाके घालायचे. नवं जोडपं गादी सांगायला आलं की तिचा एकच नियम असे. दोघांनी आधी चौथऱ्यावर आडवं व्हायचं. भर दुकानात.

"अहो मावशी, रस्त्यावरून लोक बघतात," नवरी कुजबुजायची.

"बघू देत. झोपायला सांगतेय मी, नाचायला नाही. कोण जड, कोण हलकं, कोण कुशीवर, कोण उताणं, हे कळल्याशिवाय कापूस भरू कसा? हलकं माणूस रात्रभर घसरत जडाच्या अंगावर जातं, सकाळी दोघं भांडतात आणि बोल लावतात गादीला!"

मग ज्याच्या त्याच्या अंगाखाली ज्याच्या त्याच्या वजनाचा कापूस पडायचा. तिच्या हातची गादी गिऱ्हाइकाकडून कधी परत आली नव्हती. एक सोडून. पण त्या एका गादीबद्दल दुकानात कुणी बोलत नसे.

त्या दिवसांत सगळीकडे एकच विषय पेटला होता. बाईने बाईशी किंवा पुरुषाने पुरुषाशी लग्न करायचं म्हटलं, तर त्याला कायद्याने लग्न म्हणायचं की नाही? सरकारला काही ठरवता येईना, म्हणून सरकार म्हणालं, लोकांनीच मत द्यावं. लोकांना विचारलं म्हणजे झालंच की. ज्यांना स्वतःच्या घरातला गळका नळ आवरत नव्हता, तेही जगाची घडी बसवायला निघाले. न्हाव्याच्या खुर्चीतून माणसं अर्ध्या दाढीनिशी उठून वाद घालायची. दुधाच्या रांगेत दोन सख्ख्या जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. टीव्हीवर तर चौकटीचौकटीत बसलेली माणसं एकदम ओरडायची. कोण कुणाच्या बाजूचं, ते त्यांच्या घरच्यांनाही कळत नसेल.

गादीवालीने मात्र या विषयावर ओठ उघडला नव्हता. ज्या बाईचं भाजीवालीच्या तराजूपासून शेजारच्या पडद्याच्या रंगापर्यंत सगळ्यावर मत, ती नेमकी याच विषयावर गप्प. लोक आपापसांत म्हणत, मावशी दारू सुकवतेय. एक दिवस असा बार काढेल की खिडक्या थरथरतील.

तो बार आपल्या बाजूने निघावा म्हणून कोपऱ्यावरचा औषधवाला एका दुपारी दुकानात आला. गल्लीतल्या दुकानदारांचा तो अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण खोकल्याची बाटली देतानाही भाषण द्यायचा.

"मावशी, रविवारी सकाळी सभागृहात सभा ठेवलीय. दोन्ही बाजूंनी बोलायचं. आमच्या बाजूने तुम्ही."

"तुमची बाजू म्हणजे कुठली?"

"म्हणजे काय मावशी! घराची बाजू. आईची बाजू. असलं लग्न नको, हे एखाद्या आईने सांगितलं की काळजाला भिडतं. मी बोललो तर लोक जांभया देतात."

"तू कशावरही बोललास तरी देतात रे."

औषधवाला हसला. चौथऱ्याच्या दुसऱ्या टोकाला सूनबाई टाके घालत होती. तिचा हात मध्येच थांबला.

"येते मी," गादीवाली म्हणाली. "नाव मोठ्या अक्षरात घाल माझं. बारीक अक्षर मला वाचता येत नाही."

सूनबाईचं दाभण सरळ बोटात गेलं.

औषधवाला गेल्यावर ती बोट चोखत म्हणाली, "आई, तुम्ही खरंच विरोधात बोलणार?"

"का? मला तोंड नाही?"

"तोंड आहे हो, त्याचीच तर... म्हणजे, वन्संना काय वाटेल?"

"तिला कशाला काही वाटायला हवं?"

हे विचारताना सासूने असे डोळे रोखले की सूनबाई गडबडीने म्हणाली, "नाही, आपलं सहज."

"सहज म्हणे! टाका घाल, टाका. वाकडा गेलाय."

आता यात गोम अशी होती की त्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. सूनबाईला ठाऊक होतं, तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं, गादीवालीला तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं. फक्त प्रत्येकाला वाटायचं की दुसऱ्याला ठाऊक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण एकाच मुठीवर घरभराच्या माणसांनी हात ठेवले की मूठ घामेजते.

गादीवालीची धाकटी लेक चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायची. बरीच वर्षं ती शहराच्या पलीकडच्या टोकाला एका मैत्रिणीबरोबर राहत होती. मैत्रीण बस चालवायची. उंच, दणकट, आखूड केसांची, हसली की बसच्या मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. दोघींनी घर मांडलं तेव्हा आईने दोन वेगळ्या गाद्या भरून दिल्या. कापूस वापरून वापरून दबतो, म्हणून दर उन्हाळ्यात गाद्या दुकानात यायच्या. आईने उसवायच्या, कापूस पुन्हा पिंजायचा, पुन्हा भरायचा. लेक चार पुस्तकं शिकली, हजारोंचे डोळे तपासले, पण आपली आई कोण आहे एवढं मात्र ती विसरली. गादीवालीच्या पोरीने लपवायचं तर काहीही लपवावं, गादी आईकडे पाठवू नये.

कारण एक गादी गेली तशी परत यायची. टाके घट्ट, खोळ कोरी, कापूस अंगाखाली न आल्यासारखा फुगलेला. आणि दुसऱ्या गादीत दोन खळगे. एक खोल, एक उथळ, आणि दोन्ही एकमेकांकडे कललेले.

पहिल्या वर्षी गादीवालीने मनाला समजावलं, बसवालीची रात्रपाळी असेल. दुसऱ्या वर्षी तिने हाताचा पंजा आधी एका खळग्यात ठेवला, मग दुसऱ्यात. नंतर दिवसभर दुकानात जो आला त्याला विनाकारण झापलं. एका गिऱ्हाइकाने नुसती वेळ विचारली, त्यालाही. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवली. असे काही महिने गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात तिने दोन्ही गाद्या उसवून त्यांची मिळून एक रुंद, जोडप्याची गादी भरली. एका अंगाला घट्ट, दुसऱ्या अंगाला मऊ. आयुष्यात एवढे बारीक टाके तिने कुणाच्या गादीला घातले नव्हते. थोरल्या मुलाच्या हाती ती पाठवून दिली आणि फोनजवळ बसली. आता लेक बोलेल. आता तरी बोलेल.

फोन आला. लेक म्हणाली, "आई, काहीतरी चूक झालीय. आम्हाला दोन वेगळ्या हव्यात. ही परत पाठवतेय."

चूक! तिच्या हातून!

गादी परत आली. गादीवालीने ती कागदात गुंडाळून माळ्यावर टाकली, दोन साध्या गाद्या भरून पाठवल्या आणि तोंडाला कुलूप लावलं. लेक यायची, जेवायची, भाच्याच्या अभ्यासाची चौकशी करायची, जायची. बसवाली बाहेरूनच हॉर्न वाजवायची. मायलेकी एकमेकींशी हवेबद्दल बोलायच्या. हवेबद्दल! ज्या बाईने सख्ख्या व्याह्यांना जेवता जेवता ताटावरून उठवलं होतं, ती लेकीला म्हणायची, "आज उकडतंय, नाही?"

गरजवंताने विहिरीपाशी यावं, विहिरीने कशाला चालत जावं, हा तिचा हिशोब. म्हणून औषधवाल्याला ती चटकन हो म्हणाली. भिंतीवर नाव झळकेल, लेकीला कळेल, लेक पाय आपटत येईल. म्हणेल, आई, तू असं कसं बोलतेस, माझं हे असं आहे. एकदा बोलली की संपलं. मग कुठली सभा नि कुठला विरोध! औषधवाल्याला सांगू घसा बसला म्हणून. घशाची औषधं त्याच्याकडे ढिगाने आहेत.

भिंतीवर नाव झळकलं. मोठ्या अक्षरात. लेक काही आली नाही. फोनही नाही. सूनबाई रोज दाराकडे बघायची, गादीवाली दाराकडे पाठ करून बसायची, पण कान मागे.

आणि शुक्रवारी दुपारी दुकानात एकदम अंधार झाला. बघते तर दारासमोर अख्खी बस उभी. थांबा पुढे होता, पण बस इथेच. पुढच्या दारातून बसवाली गणवेशात उतरली आणि पायरीवर येऊन उभी राहिली.

"मावशी, दोन मिनिटं बोलायचंय."

"बस काढ आधी. गिऱ्हाइकाला दुकान दिसत नाही."

"गिऱ्हाईक बसमध्ये भरपूर आहे. म्हणत असाल तर आत पाठवते."

"तोंड फार चालतं तुझं."

"तुमच्याकडे यायचं म्हणजे चालवावं लागतं, मावशी." पण बसवालीचं हसू लगेच मावळलं. टोपी काढून ती हातात फिरवत राहिली. "रविवारी तुम्ही बोलणार आहात. ती म्हणाली, आईला काय बोलायचं ते बोलू दे, मी अडवणार नाही. पण त्यानंतर त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही."

गादीवाली म्हणाली, "हे सांगायला तुला पाठवलं तिने?"

"छे! तिला कळलं तर मला माझ्याच बसखाली घेईल."

बसच्या खिडकीतून एक म्हातारा ओरडला, "ओ ड्रायव्हरताई, निघायचं का? दात काढायला जायचंय मला!"

"आजोबा, दात कुठे पळत नाही! बसा!"

"काय झालंय?" दुसऱ्या खिडकीतून एका बाईने विचारलं.

"ते लग्नाचं मतदान आहे ना, त्यावरून," तिसऱ्या खिडकीने माहिती दिली.

"अगंबाई, हो का? मग थांबू या की जरा."

बसमध्ये लगेच दोन पक्ष पडले. डाव्या खिडक्या म्हणाल्या जगबुडी आली, उजव्या खिडक्या म्हणाल्या कुणाचं काय जातंय, आणि दातवाला म्हातारा म्हणाला लग्न कुणीही कुणाशीही करा, शेवटी कवळी एकट्यालाच धुवावी लागते.

"मुंडकी आत घ्या!" गादीवाली कडाडली. खिडक्या गप्प झाल्या. तिने बसवालीला दंडाला धरून आत ओढलं, कापसाच्या ढिगाआड नेलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "गादी का परत केली?"

बसवालीने मान वर केली. इतक्या वर्षांनी हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"मी तिला म्हणाले होते, ठेव गं, अशी गादी मी जन्मात पाहिली नाही. तर ती रडायला लागली. म्हणाली, माझी आई कुणाला सोडत नाही. पटलं नाही तर शिव्या घालते, पटलं तर दुप्पट घालते. आणि माझं कळल्यावर एक शब्द नाही? कापूस भरून पाठवते? म्हणजे हे तोंडावर आणायचीसुद्धा तिला लाज वाटते. म्हणाली, गादी परत पाठवू, म्हणजे बघच, उद्या सकाळी उजाडायच्या आत दारात येऊन भांडेल." बसवाली थांबली. "मावशी, आम्ही दोघी पहाटे उठून घर झाडूनपुसून बसलो होतो. चहाला तिसरा कप काढून ठेवला होता."

"मग?"

"मग काय? तुम्ही आलाच नाहीत."

बाहेर कुणीतरी हॉर्न दाबला. बहुतेक दातवाला म्हातारा. बसवाली टोपी डोक्यावर चढवून निघाली. बस हलली, दुकानात पुन्हा उजेड आला. सूनबाई चौथऱ्याजवळ उभी होती, डोळ्यांत पाणी, हातात सुतळी. गादीवाली तिच्यावर खेकसली, "तुला किती दिवसांपासून ठाऊक आहे?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून, आई."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक नसेल."

"शहाणीच आहेस! थोरल्याला सांग माळ्यावरची गादी काढून तिकडे पोचवायला. आत्ताच्या आत्ता."

डोक्याचं फडकंही न सोडता ती निघाली, कपड्यांवर कापूस तसाच. वाटेत माणसं बाजूला होत होती. विहीर चालत निघालेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

चष्म्यांच्या दुकानात आतल्या अंधाऱ्या खोलीत लेक एका गृहस्थाचे डोळे तपासत होती. गृहस्थाच्या नाकावर लोखंडी चौकट, चौकटीत काचांवर काचा, समोर भिंतीवर अक्षरांच्या ओळी. दार धाडकन उघडलं.

"माझी गादी परत पाठवतेस? माझी?"

लेकीच्या हातातली काच खाली पडता पडता राहिली. "आई, गिऱ्हाईक आहे."

"असू दे. डोळे तपासतेस ना त्याचे, कान तर नाही? माझ्या हातची गादी आजवर कुणी परत केली नाही. ज्यांचं एकमेकांशी पटलं नाही त्यांनी नवरा परत केला, बायको परत केली, गादी ठेवून घेतली! आणि तू म्हणतेस चूक झालीय!"

"इतक्या वर्षांनी आलीस भांडायला?"

"तू तोंड उघडायचं होतंस!"

"मी? तुझं तर बारा महिने उघडं असतं! नेमकं माझ्याच वेळी बंद कसं पडलं?"

"आईला आपणहून सांगायची रीत असते!"

"आणि मुलीला आपणहून विचारायची नसते?"

"तिसऱ्या ओळीतलं पहिलं अक्षर..." गृहस्थ चाचपडत म्हणाले.

"चूक!" दोघी एकदम ओरडल्या.

लेकीने गृहस्थांच्या नाकावरची चौकट हलकेच काढली आणि बाहेर बसायला सांगितलं. त्यांना जायचं नव्हतं, हे त्यांच्या चालण्यावरूनच दिसत होतं. दार लागल्यावर लेक भिंतीकडे बघत म्हणाली, "तुला माझी लाज वाटली ना, आई?"

गादीवालीला खोटं बोलता येत असे. पण खोटं बोलायला ती एवढं अंतर तुडवत आली नव्हती.

"पहिल्यांदा राग आला. मग लाज वाटली, तुझ्यापासून कशाला लपवू? लोक काय म्हणतील वगैरे. मग भीती वाटायला लागली. म्हटलं हिला कुणी रस्त्यात टोचून बोललं, हिला घर नाकारलं, आणि मी तिथे नसले तर? या भीतीत लाज कुठे गेली ते कळलंही नाही. एक दिवस शोधली तर सापडेना. तोवर गप्प राहायची सवय लागली होती. आणि तू गादी परत केलीस, मग तर अडूनच बसले."

लेक डोळे पुसत हसली. डोळे तपासणाऱ्या बाईचे डोळे लाल झाले होते. "मग सभेत विरोधात बोलायला का निघालीस?"

"तू यावंस म्हणून."

"आई! त्यासाठी फोन असतो गं!"

"फोन मी का करायचा?"

लेक आईच्या फडक्यावरचा कापूस वेचत राहिली. मग गंभीर होऊन म्हणाली, "आता जाऊ नकोस तिकडे. सांग घसा बसला म्हणून. मला तुझ्याकडून ऐकायचं होतं, ते ऐकलं. उगाच दुकानावर परिणाम व्हायचा. गल्लीतली अर्धी माणसं विरोधात आहेत."

हीच युक्ती गादीवालीच्या मनात पहिल्यापासून होती. पण लेकीच्या तोंडून ऐकल्यावर तिला ती अगदीच शेळपट वाटली. ज्या माणसांसमोर तिने जन्मभर तोंड चालवलं, त्यांच्यासमोर आता पोरीच्या वेळेला घसा बसवायचा? पुन्हा तेच कुलूप, नुसती किल्ली बदलून?

"घसा? माझा?" ती म्हणाली. "कुणी विश्वास ठेवेल का?"

रविवारी सभागृह खचाखच भरलं. मागे उभं राहायलाही जागा नाही. एका प्राध्यापकांनी बाजूने भाषण केलं, चांगलं केलं, फक्त पाणी फार प्यायले. एका निवृत्त साहेबांनी विरोधात केलं, तेही तळमळीने. मग औषधवाल्याने हात चोळत पुकारलं, "आता आपल्या सर्वांच्या मावशी!" आणि कानाशी कुजबुजला, "थोडक्यात हं, मावशी. काळजाला भिडेल असं."

माइक कुईं करून ओरडला. तिने तो बाजूला सारला. समोर सगळे ओळखीचे चेहरे. बहुतेकांना तिने चौथऱ्यावर आडवं करून पाहिलं होतं. पण आज जीभ टाळूला चिकटली. तोफेच्या आयुष्यात पहिल्यांदाच. मग तिला दाराशी लेक दिसली, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, चेहरा पांढराफटक.

"मला आईच्या बाजूने बोल म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "तर ऐका. ती दाराशी उभी आहे ती माझी धाकटी. तिचं एका बाईशी जुळलंय. बरीच वर्षं झाली. ती बाई बस चालवते. तुमच्यातले निम्मे तिच्याच बसने इथे आलात आणि धड हातीपायी आलात. त्या दोघींना लग्न करायचंय, आणि ते व्हावं असं मला वाटतं. मी मत तसंच देणार. हे मी आधीच बोलायला हवं होतं, नाही बोलले. बस."

औषधवाल्याचा चेहरा स्वतःचंच औषध प्यायल्यासारखा झाला होता.

मागून न्हाव्याने आवाज टाकला, "मावशी, पण त्यांच्यात नवरा कोण?"

हशा पिकला. लेकीने मान खाली घातली. आणि ती खाली गेलेली मान बघून गादीवालीची जीभ सुटली.

"तुझ्या घरात कोण आहे ते आधी बायकोला विचारून ये! गादी घ्यायला आलात तेव्हा खोळीचा रंग तिने निवडला, कापूस तिने निवडला, बाजू तिने धरली. तू आडवा हो म्हटल्यावर आडवा झालास आणि ऊठ म्हटल्यावर उठलास. आम्ही विचारलं का, यात नवरा कोण?"

आता जे हसले ते न्हाव्याला हसले. सगळ्यात जोरात त्याची बायको.

पण सगळेच हसले नाहीत. काही माणसं उठून गेली. पहिल्या रांगेतली किराणावालीही उठली. ती गादीवालीची जुनी मैत्रीण, सुखदुःखाची. मंचापाशी येऊन हळूच म्हणाली, "मला नाही पटत गं हे. मी तुझ्याशी भांडणार नाही, पण मत माझं वेगळं जाईल."

गादीवालीला ते लागलं. "जाऊ दे वेगळं. तुझी गादी मंगळवारी तयार होतेय. न्यायला येशील ना?"

"येईन," किराणावाली म्हणाली आणि गेली.

सभा पुढे चालू राहिली. गादीवाली मंचावरून उतरली आणि गर्दीतून वाट काढत दाराशी पोचली. लेकीने तिचा हात धरला. दोघी पायऱ्या उतरल्या. मतदान अजून व्हायचं होतं. कायदा होईल की नाही, देवाला ठाऊक. रस्त्यावर ऊन होतं, सायकली जात होत्या, पलीकडे कुणी खिडकीच्या काचा पुसत होतं.

"कायदा झाला तर लग्न कधी करणार?" गादीवालीने विचारलं.

"बघू ना, आई. आधी होऊ तर दे."

"बघू काय, बघू? आणि नाही झाला तर?"

"तर आहोत तशाच राहू. पुन्हा मागू."

"हं. तिला एक सांग, वळणावर बस फार जोरात घेते. परवा दुकानासमोरून गेली तेव्हा माझी बरणी हलली. आणि केस एवढे आखूड कशाला? वाढवायला नकोत, पण निदान सरळ तरी कापावेत. कोण कापतं? तू? तरीच. डोळे तपासून घे स्वतःचे. आणि मला मावशी म्हणते ते चालणार नाही. आणि तुम्ही जेवता किती वाजता? ती सुकलीय. नाही, जाड आहे, पण सुकलीय. जाड माणूसही सुकतं..."

"आई, पुरे!"

"का पुरे? इतक्या वर्षांचं साठलंय. आणि लग्नाला तो हिरवा रंग अजिबात घालायचा नाही, तुला शोभत नाही, लहानपणापासून सांगतेय. आणि घर झाडून बसला होतात म्हणे त्या दिवशी, तर तुमच्या जिन्यात जळमटं का होती? थोरला सांगत होता..."

लेक हसत होती, नाक पुसत होती आणि हो, हो म्हणत होती. बोलता बोलता गल्ली संपली, मोठा रस्ता आला, रस्ता ओलांडून दोघी पलीकडे गेल्या, तरी आईचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होता.